पेटीचा माईक

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या सोलापुरात चादरी बाहेर निघतात. कपाटाचा वरचा कप्पा उघडला की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो आणि त्याच्या मागून सुताचा. यंदाही तसाच आला. मी स्टुलावर चढून एकेक चादर खाली घेतली आणि पलंगावर दोन ढीग केले. एक ढीग पांघरायचा. दुसऱ्या ढिगात तीनच चादरी. त्यांच्या एका काठाला पडद्यासारख्या कड्या शिवलेल्या आहेत, आणि मोरांच्या चादरीला उदबत्तीच्या ठिणगीने पडलेलं एक भोक आहे. या चादरी माणसांसाठी नाहीत, भिंतींना पांघरायच्या आहेत. त्यांतली गडद लाल चादर माझी बायको सुधा पायाशी घ्यायची. तिला जाऊन आता हा तिसरा हिवाळा.

थंडीत आमच्या गावाचे आवाज बदलतात. उन्हाळ्यात सगळं इतकं सुस्त असतं की शेजारच्याने हाक मारली तरी ती वाटेतच बसून राहते. थंडीत मात्र पूर्व भागातल्या यंत्रमागांची खडखड पहाटे पार आमच्या गल्लीपर्यंत येते. मंगळवेढ्याकडचा हुरडा गाड्यांवर दिसू लागतो, भाजलेल्या कणसांचा धूर अंगणाअंगणांतून फिरतो, आणि त्या धुरात बोलणाऱ्या माणसांचे शब्द ठसठशीत ऐकू येतात. भजनाचे कार्यक्रमही याच दिवसांतले, मार्गशीर्षापासून शिवरात्रीपर्यंत. सुधाचे सगळे हिवाळे त्यांत गेले.

सुधा पेटी वाजवायची. बायकांच्या भजनी मंडळात नीलाक्का गायच्या आणि सुधा त्यांच्या साथीला. नीलाक्का घरात कानडी बोलतात, बाजारात मराठी, आणि रागावल्यावर दोन्ही. गाणंही तसंच. एक अभंग मराठी, मग शरणांचं एक वचन कानडी. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझं काम पेटी कार्यक्रमाच्या जागी नेऊन ठेवायचं आणि परत आणायचं. मधल्या वेळात मी मागे भिंतीला टेकून बसायचो, मांडीवर पुस्तक घेऊन. पान उलटायचं, ऐकायचं, पुन्हा तेच पान वाचायचं. मंडळातल्या बायका हसायच्या. नीलाक्का एकदा म्हणाल्या, "सर, तुमी वाचा निवांत. आमी काय मनाला लावून घेत न्हाई. देव बी डोळे मिटूनच ऐकतो की."

सुधा गेल्यावर मंडळातल्या बायकांनी आपापल्या मोबाइलमधली रेकॉर्डिंग मला पाठवली. कुणी मार्गशीर्षातली, कुणी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली, कुणी कुणाच्या तरी सत्यनारायणाच्या संध्याकाळची. मी ती सगळी एका जागी केली. मग रोज सकाळी चहा झाल्यावर एक ऐकायचो. नीलाक्कांचा आवाज स्पष्ट होता. टाळ तर नको इतके स्पष्ट होते. तबला होता, मध्येच कुकरची शिट्टी होती, कुणाचा तरी नातू 'पाणी' म्हणत होता. पेटी नव्हती. होती, पण दुरून कुणी तरी दार लोटावं आणि त्याची फट राहावी, तेवढी. ज्याच्या हातात मोबाइल असतो तो गाणाऱ्या माणसाकडेच धरतो, यात कुणाची चूक नाही. पण इतक्या हिवाळ्यांत सुधा रोज तिथे बसलेली, आणि त्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ती कुठेच नव्हती.

मग हळूहळू मला जागा सापडल्या. नीलाक्का एक ओळ संपवून श्वास घेत, तेवढ्यात पेटी वर येई. दोन सूर, तीन सूर. लगेच अक्कांची पुढची ओळ सुरू होई आणि पेटी तिच्या मागे जाऊन उभी राही. मी त्या जागा ऐकायला लागलो. गाणं सोडून फक्त श्वासाच्या जागा. आणि तेवढ्यातही एक अडथळा होता. जागेच्या अगदी सुरुवातीला एक अस्पष्टसा आवाज यायचा, कुणी दबकत घसा साफ करावा तसा. टाळ धरणाऱ्या बाईंना खोकला असावा, अशी मी समजूत करून घेतली. मुळात जागा एवढीशी, त्यात हा खोकला. मला त्याचा राग यायचा.

साथ हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, संसारात आणि गाण्यात. पत्रिकेवर छापतात, 'संवादिनीची साथ', आणि त्यापुढे बारीक अक्षरात नाव. चांगली साथ ऐकू येत नाही असं म्हणतात. ती नीट झाली की गाणाऱ्याला आपण एकटेच गातो आहोत असं वाटतं, आणि ऐकणाऱ्यालाही. मला हे समजत होतं. पण साथ करणारा माणूस गेल्यावर मागे काय राहतं, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही, आणि मी बरीच पुस्तकं पाहिली आहेत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मंडळ पुन्हा सुरू झालं. सुधाच्या जागी वैशाली बसली. ती शाळेत गणित शिकवते आणि सुधाकडे कित्येक वर्षं पेटी शिकत होती. मी पेटी तिच्याकडे दिली, कारण वाजवली नाही तर पेटी आतून बिघडते. त्या पेटीच्या भात्याला एक बारीक गळती आहे. भाता दाबला की सुराआधी हुस्स असा आवाज निघतो. सुधा ती कधी दुरुस्त करू देत नसे. "तिला धाप लागते, लागू दे," म्हणायची, "माझ्याबरोबरच म्हातारी होतेय ती." स्वयंपाकघराच्या पलीकडून तो हुस्स मी माझ्या सगळ्या सकाळींत ऐकला आहे.

पहिल्याच कार्यक्रमानंतर चहा पिताना नीलाक्का म्हणाल्या, "यंदा शिवरात्रीपतुर गाती. मग बेळगावला, लेकीकडं. साकु आता."

साकु म्हणजे पुरे. एवढं कानडी मला येतं. तरी मी दोनदा विचारलं.

"गळा न्हाई ऐकत, सर," त्या म्हणाल्या. "आन् मला बी कळतंय की ते."

त्या दिवशी पेटी वैशालीच्या घरी पोचवून मी चालत परत आलो. अक्कांचं गाणं शिवरात्रीला संपणार होतं. मोबाइल पुन्हा त्यांच्याच तोंडासमोर धरले जाणार होते. आणि सुधाची पेटी, जिच्यावर अक्का आयुष्यभर गात आल्या, ती पुन्हा दाराच्या फटीएवढीच उरणार होती. सुधाच्या बाबतीत जे झालं ते झालं. दुसऱ्यांदा मी ते होऊ देणार नव्हतो. घरी येईपर्यंत एवढं पक्कं झालं होतं. कसं करायचं ते माहीत नव्हतं, पण न माहीत असलेली गोष्ट वाचून काढायची सवय मला होती.

वाचल्यावर जे कळलं ते साधं होतं. प्रत्येक वाद्याला स्वतःचा माईक द्यायचा, आणि प्रत्येक माईकचा आवाज वेगळा साठवायचा. त्या वेगळ्या आवाजाला ट्रॅक म्हणतात. नंतर सगळे ट्रॅक एकत्र लावले की भजन, आणि बाकीचे बंद करून एकच चालू ठेवला की एकटी पेटी. स्टुडिओत हे रोजचं काम आहे. पण नीलाक्का स्टुडिओत गाणाऱ्या नव्हेत. त्यांना समोर माणसं लागतात, एखादी डुलणारी म्हातारी लागते, मध्येच आरतीचं ताट लागतं. तेव्हा जिथे त्या गातात तिथेच हे सगळं न्यायचं, आणि निवृत्त ग्रंथपालाला झेपेल अशा सामानात बसवायचं.

व्यंकटेशचं साउंड सर्व्हिसचं दुकान पूर्व भागात आहे. त्याच्या वडिलांचे माग होते. ते विकून त्याने स्पीकर घेतले. मंडळाच्या कार्यक्रमांना लाउडस्पीकर त्याचाच. मी जाऊन त्याला सांगितलं तेव्हा तो केबल गुंडाळत होता.

"अय्यो," तो म्हणाला. "भजनाला वेगवेगळे ट्रॅक? सर, सिनेमा काढताय का?"

"पाच पुरतील."

"रेकॉर्डिंगच पाहिजे ना तुम्हाला? माझ्या मिक्सरमधून एक वायर देतो, पेनड्राइव्ह लावा, घरी जाऊन ऐका."

"त्यात सगळं एकत्र येतं."

"मग? एकत्रच तर गातात की."

मी खिशातून मोबाइल काढला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, यात पेटी शोध. त्याने कान जवळ आणला. बाहेरच्या मागांचा आवाज येत होता म्हणून उठून दार लावलं. पुन्हा ऐकलं.

"पेटी मी खालीच ठेवतो," तो मोबाइल परत देत म्हणाला. "बायका म्हणतात, अक्कांचा आवाज वाढवा. मग काय तरी कमी करावंच लागतं. सुधाबाईंनी कधी तक्रार केली नाही बघा."

"ती कशाला करेल?"

 अर्धवट गुंडाळलेली केबल त्याने खाली ठेवली. "म्हणजे चादर विणून झाल्यावर तुम्ही म्हणताय, त्यातला लाल धागा तेवढा काढून द्या. तो कसा निघणार? तो विणायच्या आधी, कांडीवर असतानाच बाजूला ठेवायला पाहिजे."

"हो. तेच म्हणतोय."

"मग असं सांगा की. तुम्ही वाचून वाचून लई लांबून बोलता, सर."

सामान आम्ही जुनंच घेतलं. पुण्यातला एक वाद्यवृंद मोडला होता, त्यांचा रेकॉर्डर मिळाला. जेवणाच्या डब्याएवढा, एक बटण निखळलेलं, पण प्रत्येक माईक वेगळा साठवणारा. माईक व्यंकटेशच्या माळ्यावरचे. एकाची जाळी चेपलेली होती, ती त्याने पेन्सिलीने आतून सरळ केली. प्रत्येक माईकची वायर त्याने दोन तोंडांची करून दिली, एक तोंड त्याच्या लाउडस्पीकरला आणि दुसरं माझ्या रेकॉर्डरला, म्हणजे त्याने पेटी कितीही खाली ठेवली तरी माझ्याकडे ती पूर्ण यावी. पेटीसाठी मुलाखतीत शर्टाला लावतात तसला बारका माईक घेतला आणि जखमेला लावायच्या चिकटपट्टीने तो पेटीच्या मागच्या फळीला चिकटवला.

मंडळाचे कार्यक्रम ज्या मठात होतात तिथे केलेल्या पहिल्या चाचणीत सगळे आवाज आले आणि सगळ्यांच्या खाली एक घूं आली, बाटलीत माशी अडकावी तशी. मी पुस्तिका उघडली. तीत लिहिलं होतं की सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून चालवावीत.

"पुस्तिकेला सांगा," व्यंकटेश म्हणाला, "इथं एका सॉकेटवर पंखा पण चालत नाही."

आम्ही मठाच्या स्वयंपाकघरातून जाड वायर ओढून आणली, दोघांचं सगळं सामान तिच्यावर घेतलं, आणि माशी उडाली. तो हेडफोन कानाला लावून बराच वेळ ती शांतता ऐकत बसला. मग म्हणाला, "माझ्या कार्यक्रमांत ही घूं कायम असते. मला वाटायचं, तसंच असतं." मलाही बऱ्याच गोष्टींबद्दल तसंच वाटत आलं होतं.

मग चादरी. मठाच्या सभागृहावर पत्रा आहे आणि भिंती उघड्या. एक टाळी वाजवली की तीन ऐकू येतात. महागडे फोम आणायचे नव्हते. सोलापुरात राहून आवाज अडवायला कापड नाही असं तर म्हणता येत नव्हतं. मी घरच्या जाड चादरी काढल्या, कड्या शिवून घेतल्या. लाल चादर देताना शिंप्याने विचारलं, ही चांगली आहे, हिला कशाला टोचायची? मी म्हटलं, हिलाच टोचा. ती पेटीच्या मागच्या भिंतीवर टांगली.

नीलाक्का आत आल्या आणि थांबल्या. "काय हो सर, भिंतींला थंडी वाजतीया व्हय?"

"तुमचा आवाज परत तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून, अक्का."

"आला तर येऊ दे की. माझाच हाय, परका थोडाच हाय." असं म्हणत त्यांनी लाल चादरीचा काठ बोटांत धरून पाहिला. ती कुणाची होती हे त्यांना माहीत असावं. मग त्या जागेवर जाऊन बसल्या.

त्या कार्यक्रमाला मी मागे, व्यंकटेशच्या शेजारी, रेकॉर्डरपाशी होतो. मांडीवर पुस्तक नव्हतं. पाच दिवे, पाच ट्रॅक. हिरवा चालतो, लाल नको. व्यंकटेशने आधीच बजावलं होतं, "आवाज कमीच घ्या सर. कमी असला तर नंतर वाढवता येतो. फाटला तर रफू होत नाही." सगळे दिवे शेवटपर्यंत हिरवे लुकलुकले. मी समाधानाने सामान आवरलं.

सकाळी पेटीचा ट्रॅक एकटा लावला. टण् असा आवाज आला. मग बांगड्या. मग ठक्, कपाळ टेकल्याचा. मग एका बाईचा दबका आवाज, "मागल्या खेपंचं झालं न्हाई, ध्यानात हाय न्हवं?" आणि पुन्हा टण्.

मठाची व्यवस्था सिद्रामप्पा पाहतात. माईक चिकटवून मी कार्यक्रमाआधी थोडा वेळ घरी गेलो होतो आणि तिथून त्यांना फोनवर सांगितलं होतं, की पेटीचा माईक हलू देऊ नका, पेटीपाशीच राहू द्या. त्यांनी ते मनावर घेतलं होतं.

"मी येऊन बघतो तर माईक बाजाला चिकटिवलेला," ते म्हणाले. "म्हटलं, कुणीतरी हलिवला. हळूच काढला न् पेटीपाशी लावला."

"सिद्रामप्पा, तीच पेटी. हार्मोनियम."

"त्यो बाजा, सर. आमच्या मठात पेटी एकच हाय, कुलपाची. म्या म्हटलं, चोराचा आवाज धरायला लावला असंल. सरांचं डोकं चालतं."

वैशालीला विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच काढायला सांगितलं." आणि दिवे हिरवे दिसत होते, कारण सभागृहातलं सगळं भजन थोडंथोडं दानपेटीपर्यंतही पोचतच होतं. व्यंकटेश हसत हसत स्पीकरच्या खोक्यावर बसला आणि डोळे पुसायला लागला. "सर, देवाचा ट्रॅक मिळाला की तुम्हाला. अजून काय पाहिजे?"

मी तेव्हा हसलो नाही. शिवरात्र जवळ आली होती. त्या ट्रॅकवर मी नंतर हसलो. कुणी बारावीचं मागत होतं, कुणी कोर्टाच्या तारखेचं. एक माणूस नुसता उभा होता, काही मागत नव्हता, त्याचा श्वास तेवढा येत होता आणि मग चपला शोधत तो निघून गेला. भजन चालू असताना भजनाच्या बाजूला हेही चालू असतं, आणि तेही कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. तो ट्रॅक मी पुसला नाही. तो कुणाला ऐकवायचा मात्र नाही, एवढं ठरवलं.

पुढचे कार्यक्रम असेतसेच गेले. एकदा पेटीच्या ट्रॅकवर तबलाच जास्त आला, तेव्हा दोघांच्या मध्ये घडी केलेली चादर ठेवावी लागली. एकदा ऐन आरतीच्या आधी मेमरी कार्ड भरलं. प्रत्येक वेळी मी घरी येऊन काय चुकलं ते पाहत होतो आणि पुढच्या वेळी ते चुकू देत नव्हतो. लोक मला म्हणायचे, सर, या वयात कशाला एवढी दगदग. दुःखात माणसाने मन रमवावं असा त्यांचा सूर असे. मी मन रमवत नव्हतो. मला एक काम करायचं होतं आणि त्याचे दिवस संपत आले होते.

शेवटचा कार्यक्रम मंगळवेढ्याला ठरला. ते अक्कांचं माहेर. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना काळ्या रानात उभी ज्वारी दिसत होती, कुठे कुठे काढणी सुरू झाली होती. व्यंकटेश सामान घेऊन टेंपोने आला, आणि मी पाहतो तो टेंपोतून सिद्रामप्पाही उतरले.

"तुम्ही कसे?"

"आता पेटीला कुणाला हात लावू देत न्हाई," ते म्हणाले, आणि खरोखरच बाजाजवळ मांडी घालून बसले.

अक्कांनी पेटीवरची चिकटपट्टी पाहिली. "सुधाची पेटी आजारी हाय व्हय? पट्टी बांधलीया."

"नाही अक्का. तिचं म्हणणं ऐकायचंय."

"आता?" त्या म्हणाल्या. मग पट्टीवरून बोट फिरवत, "ऐका की. माझं तर सगळ्यांनी ऐकलंय."

दानपेटीच्या धड्यानंतर मी प्रत्येक माईक सुरू होण्याआधी एकटा ऐकून घ्यायला लागलो होतो. पेटीची पाळी आली. वैशालीने भाता दाबला आणि हेडफोनमध्ये सुराच्या आधी हुस्स झालं. इतकं जवळून मी ते कधीच ऐकलं नव्हतं, नेहमी मध्ये एक भिंत असायची. मी हेडफोन कानावरून जरा सरकवले. व्यंकटेशने विचारलं, "गळती आहे का? माईक लांब करू?" मी म्हटलं, "नको. तो राहू दे."

अक्का त्या संध्याकाळी सांभाळून गायल्या. माहेरची माणसं समोर होती. शेवटच्या वचनात त्यांचा आवाज वरच्या सुराला चिरला. त्या थांबल्या. श्वास घ्यायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, सभागृहात कुणी हललं नाही, आणि तेवढा सगळा वेळ पेटीने तो एकच सूर धरून ठेवला. मग अक्का परत आल्या. दिवे हिरवे होते. एखादा लाल झालाच तर आवाज कमी करायला मी बोट बटणावर धरून बसलो होतो, ते बोट नंतर दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी टेबलाशी बसलो. अक्कांचा ट्रॅक बंद केला, तबला, टाळ, मागच्या बायका, सगळे बंद केले. एकटी पेटी. हुस्स, आणि सूर. गाणाऱ्या बाईशिवाय ती साथ ऐकताना आधी काही कळेना, जणू एखाद्याचं फोनवरचं बोलणं एकाच बाजूने ऐकू यावं. मग कळायला लागलं. पेटी गाण्याच्या मागून चालत नव्हती. ओळ संपायच्या किंचित आधी ती पुढे होत होती, श्वासाची जागा तयार करून ठेवत होती. आणि प्रत्येक जागेच्या सुरुवातीला, अगदी हलकं, ओठांतल्या ओठांत, कुणीतरी म्हणत होतं, "घ्या."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. आवाज वैशालीचा होता. मी तिला फोन केला.

"वैशाली, वाजवताना तू काही म्हणतेस का?"

"मी? नाही हो, सर."

"घ्या म्हणतेस."

 "अय्या, ते होय? ते बाई म्हणायच्या. अक्कांची ओळ संपली की घ्या. म्हणजे श्वास घ्या. मी शेजारी बसून शिकले ना, मला वाटलं पेटी अशीच वाजवतात."

फोन ठेवून मी मोबाइलमधली जुनी रेकॉर्डिंग काढली. पहिलंच लावलं. अक्कांची ओळ संपली, जागा आली, आणि जागेच्या सुरुवातीला तो खोकला आला. तो खोकला नव्हता. आता माहीत असल्यावर तो शब्द इतका स्वच्छ ऐकू आला की आधी कसा आला नाही याचं नवल वाटलं. सुधा म्हणत होती, "घ्या." त्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये, प्रत्येक ओळीनंतर, ती होती. ज्या आवाजाचा मला राग येत होता तोच शोधायला मी एवढं सामान उभं केलं होतं.

मी ते दुपारपर्यंत ऐकत होतो. बाहेर शेजारच्यांनी गहू ऊन द्यायला पसरले होते आणि चिमण्या हाकलायला कुणीतरी ताट वाजवत होतं. घेणे हे केवढं साधं क्रियापद. आपण श्वास घेतो, तान घेतो, नाव घेतो, निरोप घेतो. कुणाचं चुकलं तर सांभाळून घेतो. देणारा माणूस 'घ्या' म्हणतो आणि हात पुढे करतो, तसं ती म्हणत आली. समोरच्या माणसांसाठी ते नव्हतंच. एका बाईने दुसरीच्या कानाशी म्हटलेलं होतं.

तो एकट्या पेटीचा ट्रॅक मी बेळगावला पाठवला. अक्कांचा फोन आला तेव्हा त्यांच्यामागे नातवंडांचा गोंधळ होता.

"तुमाला ठाऊक नव्हतं व्हय?" त्या म्हणाल्या. "सर, तिच्या घ्या बिगर मी कधी श्वास घेतलाय? ती गेल्यावर पयल्या कार्यक्रमाला माझा गळा भरला, तर ही पोरगी हळूच म्हणली, घ्या. मी वळून बघितलं. म्हटलं, आलीस व्हय." मग त्यांनी नातवंडांना दटावून गप्प केलं. "म्हणून तर शिवरात्रीपतुर गायले. न्हाईतर तवाच साकु होतं."

यंदाच्या चादरी काढून मी हे लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता पहिला कार्यक्रम येऊनही गेला. काल आम्ही करमाळ्याला होतो. तिथल्या एका मंडळाने व्यंकटेशकडून ऐकून बोलावलं. आता असं बोलावणं येतं, आणि आम्ही जातो. पेटीला एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला मफलर बांधलेले. मी सगळ्यांत आधी त्यांच्याकडे गेलो आणि चिकटपट्टी काढली, तसे ते मागे सरकले.

"मला कशाला माईक? गवयाला लावा की. माझं कोण ऐकतंय?"

"त्यांनाही आहे," मी म्हटलं. "हा तुमचा."

"लावायलाच पायजे व्हय?"

"हो. लावायलाच पाहिजे."

त्यांनी पेटी माझ्याकडे वळवली. मी माईक चिकटवला, वायरला त्यांच्या गुडघ्याजवळून वाट दिली, लाल चादर त्यांच्या मागच्या भिंतीवर नीट ताणली आणि माझ्या जागी येऊन बसलो. पाच दिवे. हेडफोनमध्ये फक्त त्यांची पेटी ठेवली. तिच्या भात्याचा आवाज वेगळा होता, जरा खरखरीत. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाहून व्यंकटेशने हात वर केला. "सर, घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.